आमची उपासना आणि आमचा देश

एखाद्या मनुष्याचें देशप्रेम कशावरून ओळखावें, हा प्रश्न ज्याला कोणी कधीं विचारीत नाहीं त्याला तो फार सोपा वाटतो. मी ख्रिस्ती मंडळीचा पाळक आहें. ठाण्याच्या खाडीपलीकडे वसलेल्या नव्या मुंबईंत आमची लहानशी मराठी मंडळी दर रविवारीं सकाळीं एका शाळेच्या भाड्यानें घेतलेल्या सभागृहांत उपासनेस जमते. आमच्यांतलें एखादें कुटुंब नव्या इमारतींत राहावयास गेलें, कीं पहिल्या महिन्याच्या आंत शेजारी मोठ्या आपुलकीनें विचारतात, "आपण मूळचे कुठले?" नगर जिल्ह्याचे, असें सांगावें, तर प्रश्न तेथें थांबत नाहीं. "तें ठीक, पण मूळचे? गोव्याकडचे, कीं केरळाकडचे?" आमच्या आजीचें नऊवारी लुगडें, आमच्या ताटांतली बाजरीची भाकरी आणि हुलग्याचे शेंगोळे, आमचीं आडनांवें, आमच्या शिव्यासुद्धां नगरकडच्याच; परंतु भिंतीवरचा क्रूस एकदां दिसला, कीं हें सगळें क्षणांत उपरें ठरतें.

विचारणारा मनुष्य वाईट नसतो, हें मी आवर्जून नमूद करितों. दिवाळीला फराळाचें ताट त्याच्याच घरून येतें. त्याचें आश्चर्यही खोटें नसतें. २०११ च्या खानेसुमारींत महाराष्ट्रांतील ख्रिस्ती लोकांची संख्या सुमारें १० लक्ष ८० हजार भरली, म्हणजे शेंकडा एकापर्यंतही ती पोंचली नाहीं. आणि त्यांतलेही कित्येक इतर प्रांतांतून येथें आलेले. तेव्हां घरांत मराठी बोलणारा ख्रिस्ती मनुष्य ज्यानें जन्मांत पाहिलाच नाहीं, असा सद्गृहस्थ भेटला तर त्यांत नवल कसलें? तथापि हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाहीं. त्याच्या पोटांत दुसरा एक प्रश्न दडलेला असतो. धर्म बाहेरचा, तर मनुष्य आंतला कसा? ह्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देण्याचा माझ्यापेक्षां ज्यांचा अधिकार मोठा, अशा माणसांकडे मी अशा वेळीं वळतों. आणि त्यांत पहिलें नांव रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचें.

टिळकांचा जन्म १८६१ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं झाला. १८९३ सालीं नागपुराहून राजनांदगांवास आगगाडीनें जातांना एका युरोपियन प्रवाशानें त्यांच्या हातीं नवा करार दिला, आणि १८९५ च्या फेब्रुवारींत मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. मिशनरी साहेब जवळ असतांना तो त्यांनीं मागून घेतला एका हिंदी पाळकाच्या हातून. पुढचे सगळे टिळक ह्या एवढ्याशा निवडींत मला दिसतात. धर्म बदलला म्हणून त्यांनीं नांव बदललें नाहीं, आणि जानव्याबरोबर मराठी उतरवून ठेवली नाहीं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलों, अशा अर्थाचें त्यांचें बोलणें प्रसिद्धच आहे. त्यांच्या आधीं मराठी चालीवर ख्रिस्ती पदें कोणी रचलींच नव्हतीं असें नाहीं. पण विलायती चालींच्या मापांत मराठी शब्द कोंबून बसविलेलीं गीतेंच पुष्कळ. गाणारा नेवाशाकडचा शेतमजूर, आणि चाल समुद्रापलीकडची! टिळकांनीं त्या मजुराच्या ओळखीचा अभंग आणि ओळखीची ओंवी देवळांत आणली, कीर्तन आणलें, टाळ आणले. आमच्या 'उपासना संगीत' ह्या पुस्तकांतून टिळकांचीं गीतें कोणी काढून घेतलीं, तर उरलेल्या पुस्तकावर वर्षाचे बावन्न रविवार चालविणें मला जड जाईल. (देऊळ हा शब्द मी चुकून लिहिलेला नाहीं. आमच्या घरांतून पिढ्यान् पिढ्या चर्चला देऊळच म्हणत आले आहेत.)

१९०४ सालीं टिळकांस पाळकपणाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून मरेपर्यंत 'ज्ञानोदया'च्या मराठी भागाचें संपादन त्यांजकडे होतें. अहमदनगरास, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरास, १८४२ सालीं निघालेलें हें पत्र मिशनचें. तेथें लिहितांनाही टिळकांची लेखणी कोणाची मिंधी झाली नाहीं. १९१७ सालीं तर त्यांनीं अमेरिकन मिशनची नोकरीच सोडली. वय छपन्न, प्रकृति नाजूक, खर्चाचा हात सदैव सैल; अशा वेळीं बांधलेला पगार सोडून देणें म्हणजे काय, हें ज्यानें महिनाअखेरीचें गणित केलें आहे त्यालाच कळेल. साताऱ्यास त्यांनीं 'देवाचा दरबार' मांडला, आणि त्यांत बाप्तिस्मा घेतलेल्यांना व न घेतलेल्यांना, दोघांनाही जागा ठेविली. १९१९ च्या मे महिन्यांत ते मुंबईस वारले. आपल्या देहास अग्नि द्यावा, अशी त्यांची इच्छा होती. त्याप्रमाणें दहन होऊन अस्थि नगरास पुरल्या. ख्रिस्ती प्रेताला अग्नि, ही गोष्ट त्या काळीं आमच्याच लोकांना किती खटकली असेल, ह्याची कल्पना मला आहे. कारण आजही अंत्यविधीच्या वेळीं टिळकांचें हें उदाहरण मीं काढलें, कीं म्हातारीं माणसें माझ्याकडे संशयानें पाहूं लागतात.

टिळकांच्याहूनही मोठी साक्ष मी लक्ष्मीबाईंची मानतों. पति ख्रिस्ती झाल्यावर पांच वर्षें ह्या बाई त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या, सोंवळ्याओंवळ्याशीं आंतल्या आंत झगडल्या, आणि १९०० सालीं स्वतःच्या बुद्धीनें बाप्तिस्म्यापर्यंत येऊन पोंचल्या. शाळेचें शिक्षण नाहीं, जोडाक्षरांशीं कायमचें भांडण. पण १९३४ पासून त्यांचीं 'स्मृतिचित्रें' प्रसिद्ध होऊं लागलीं, तेव्हां धर्म बदललेल्या एका घराची ही हकीकत सबंध महाराष्ट्रानें आपल्या घरची म्हणून वाचली. हंसत हंसत वाचली. लक्ष्मीबाईंना "आपण मूळच्या कुठल्या?" असें विचारण्याचें कोणाही वाचकास कधीं सुचलें नसेल. ज्या वादांत शास्त्री आणि मिशनरी पन्नास वर्षें दमले, तो वाद ह्या बाईनें न घालतांच जिंकला.

पंडिता रमाबाईंना मात्र दोन्ही बाजूंनीं झोडपून निघावें लागलें. १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला, त्यामुळें पुण्याचे लोक त्यांना गमावलेली मानूं लागले. आणि तिकडे मठांतल्या भगिनींना ही नवी शिष्या फार स्वतंत्र वाटली. क्रूसावर लॅटिन अक्षरें कशाला, आमच्या बायकांना तीं काय कळणार, तेथें संस्कृत असावें, असा त्यांचा आग्रह. १८८९ सालीं त्यांनीं मुंबईस शारदासदन काढलें, आणि त्याच वर्षीं मुंबईस भरलेल्या राष्ट्रसभेला त्या प्रतिनिधि म्हणून हजर होत्या. पुढें केडगांवच्या मुक्तिसदनांत दुष्काळांतल्या अनाथ बायकामुलींच्या गराड्यांत बसून ह्या बाईनें हिब्रू आणि ग्रीक ह्या भाषांचा अभ्यास केला, सबंध पवित्र शास्त्र मराठींत उतरविलें, आणि १९२२ च्या एप्रिलांत डोळे मिटण्यापूर्वीं तें काम हातावेगळें केलें. खिळे जुळविणाऱ्या आणि छापणाऱ्याही त्या सदनांतल्याच स्त्रिया. त्या भाषांतराची वाक्यें आज कोठें कोठें खडबडीत लागतात. पण खेड्यांतल्या बाईला कळलें पाहिजे, हा त्यामागचा हट्ट मला पानोपानीं जाणवतो, आणि उपदेश लिहितांना कागदावर एखादा फार भारी शब्द उतरला, कीं मी तें पुस्तक उघडून पाहतों.

स्वराज्यानंतरची गोष्ट थोडक्यांत सांगून टाकतों, कारण ती सांगतांना माझ्या आवाजांत थोडा कडवटपणा येतो, आणि तो लांबविणें बरें नव्हे. घटना परिषदेचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी हे बंगालचे ख्रिस्ती गृहस्थ. कायदेमंडळांत धर्माच्या नांवानें राखीव जागा नकोत, हें मत त्यांनीं व इतर ख्रिस्ती पुढाऱ्यांनीं उचलून धरलें, आणि १९४९ सालीं त्या जागा मसुद्यांतून गेल्या. आम्ही देशाजवळ वेगळें कांहीं मागितलें नाहीं, असें आमचे वडील अभिमानानें सांगत. पुढल्याच वर्षीं राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींविषयींचा आदेश निघाला. नगर व मराठवाडा ह्या भागांतले आमचे बहुतेक लोक ज्या जातींतून आले, त्या जातींच्या सवलती धर्मांतरानंतर बंद झाल्या. शिखांसाठीं १९५६ सालीं व बौद्धांसाठीं १९९० सालीं त्या आदेशांत दुरुस्ती झाली. आमच्यापर्यंत ती आली नाहीं. ह्याचा परिणाम पाळकाच्या टेबलावर कसा येतो, तें सांगतों. मुलाच्या दाखल्यावर एक धर्म, बाप्तिस्म्याच्या वहींत दुसरा, आणि आई समोर बसून विचारते, "साहेब, खोटें बोलावें, कीं पोराचें शिक्षण बुडवावें?" माझ्या वीस-बावीस वर्षांच्या सेवेंत ह्या प्रश्नाचें धड उत्तर मला सांपडलेलें नाहीं. मी प्रार्थना करितों, आणि शिष्यवृत्तीचे दुसरे अर्ज शोधून देतों.

धर्म आणि देश ह्यांच्या ह्या झटापटी ऐतिहासिक पुरुषांच्याच वाट्याला येतात असें समजूं नये. आमच्याकडे त्या श्रावण-भाद्रपदांत येतात, आणि त्यांचें स्वरूप पावतीपुस्तकाचें असतें. इमारतींतल्या गणपतीची वर्गणी द्यावी कीं नाहीं, हा प्रश्न मंडळींतलीं तरुण जोडपीं मला दरवर्षीं विचारतात. मूर्तीपुढील नैवेद्याविषयीं करिंथकर मंडळीला पौलानें जो सल्ला दिला, तो मला अजून पुरतो. अन्नांत कांहीं नाहीं. पण तुमच्या वागण्यानें दुसऱ्या कोणाच्या मनाला ठेंच लागते कीं काय, तें पाहा. मी स्वतः महाप्रसादाच्या खर्चासाठीं म्हणून वर्गणी देतों आणि पंगतींत वाढावयास उभा राहतों. आरतीच्या वेळीं मी आंत जात नाहीं, हें सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळें त्या अर्ध्या तासांत चपला आणि लहान मुलें सांभाळण्याचें काम मजकडे आपोआप आलें आहे. नाताळांत आमच्या दारावर तारा लागला, कीं तो सरळ लागला आहे कीं वांकडा, हें पाहावयास पहिल्यानें येतात ते ह्याच गणपतीचे कार्यवाह.

ह्या शहराविषयीं आणखी थोडें लिहिलें पाहिजे; कारण देश म्हणजे काय, हें मी नकाशावर शिकलों नाहीं, येथें शिकलों. यिर्मया संदेष्ट्यानें बाबेलांतल्या बंदिवानांना पाठविलेलें पत्र जुन्या करारांत आहे. परक्या शहरांत नेऊन टाकलेल्या लोकांना तो सांगतो, घरें बांधा, बागा लावा, मुलांमुलींचीं लग्नें करा, आणि त्या शहराचें कल्याण चिंता. मुंबईच्या खोल्यांतून, देशावरच्या कोरडवाहू गांवांतून उठून येथें आलेल्या आमच्या मंडळीला हें पत्र आपल्याच नांवें आल्यासारखें वाटतें. परंतु एक फरक मीं उपदेशांत पुष्कळदां सांगितला आहे. बाबेल आधींच उभें होतें. हें शहर उभें राहण्यासाठीं दुसऱ्याची शेतें गेलीं. १९७० च्या मार्च महिन्यांत सिडको स्थापन झाली, आणि ठाणें, पनवेल व उरण ह्या भागांतल्या ९५ गांवांची जमीन नव्या शहरासाठीं नेमण्यांत आली. भातखाचरें, मिठागरें, खाडीची मासळी ह्यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी लोकांनीं मोबदल्यासाठीं झगडा केला; दि. बा. पाटील यांच्या पुढारीपणाखालीं झालेल्या आंदोलनांत, १९८४ च्या जानेवारींत, जासई परिसरांत गोळीबार होऊन पांच माणसें गेलीं. विकसित जमिनीचा साडेबारा टक्के भाग मूळ मालकांना देण्याची योजना त्यानंतरची. जानेवारींतल्या त्या आठवड्यांत आमच्या प्रार्थनेंत ह्या पांच जणांचा उल्लेख होतो. एकदां मंडळींतल्या एका वृद्ध सभासदानें मला विचारलें, "ते आपले नव्हते ना?" मीं म्हटलें, "आपण राहतों तें घर त्यांचें होतें." प्रभु येशू यरुशलेमेकडे पाहून रडला, तेव्हां त्या शहरानें त्याला अजून आपला म्हटलेलें नव्हतें. त्या रडण्याएवढें देशप्रेम मला कोणत्याही घोषणेंत आढळलेलें नाहीं.

आमच्या मंडळींत एक परिचारिका आहे. २०२० सालीं सभागृहाला कुलूप लागलें, मी मोबाईलवरून उपासना घेऊं लागलों, आणि ही बाई रोज अंगभर प्लास्टिकचा पोशाख चढवून रुग्णालयांत जात राहिली. तिच्या खोलीच्या दाराशीं कोणीतरी डबा ठेवून जाई. तो कोणाचा, हें तिला कित्येक दिवस कळलें नाहीं. तुर्भ्याच्या बाजारांत पहांटेपूर्वीं कांद्याचीं पोतीं पाठीवर घेणारे आमचे दोन माथाडी बंधु आहेत. रविवारीं ते उपासनेंत डुलक्या घेतात, आणि मी त्यांना कधीं जागें करीत नाहीं. ह्या माणसांना देशभक्तीवर चार वाक्यें बोलावयास सांगितलीं, तर तीं घामाघूम होतील.

इतकें सगळें लिहून झाल्यावर ज्या गोष्टीनें मला हा लेख लिहावयास बसविलें, तिकडे वळतों. दोन वर्षांपूर्वीं आमच्या मंडळींतल्या तरुणांनीं पंचांकडे एक अर्ज दिला. सह्या चौदा. अर्ज इंग्रजींत. मागणी अशी कीं, रविवार सकाळची उपासना यापुढें इंग्रजींत व्हावी, आणि मराठी उपासना महिन्यांतून एकदां, पहिल्या रविवारीं ठेवावी. अर्जाची भाषा सभ्य होती आणि कारणें खरीं होतीं. हीं मुलें इंग्रजी शाळांतून शिकलेलीं. शास्त्रपाठ वाचावयास उभीं राहिलीं, कीं 'पुनरुत्थान' ह्या शब्दावर अडखळतात आणि मागच्या बांकावर कोणी हंसतें. ज्या भाषेंत त्यांना घाम फुटतो, त्या भाषेंत देवाजवळ जावें कसें? एक वडील संतापून म्हणाले, "मग लंडनला जा!" त्यांना मीं बसविलें, कारण शेजारी आम्हांला जें ऐकवितात असें आम्हांला वाटतें, तेंच हे आपल्या नातवंडांना ऐकवीत होते.

मुलांच्या बाजूनें शास्त्रही आहे. पन्नासाव्या दिवशीं यरुशलेमांत जमलेल्या परदेशस्थांपैकीं प्रत्येकानें देवाचीं महत्कृत्यें आपापल्या बोलींत ऐकलीं, अशी प्रेषितांच्या कृत्यांत हकीकत आहे. शिष्यांची भाषा आधीं शिकून या, असें तेथें कोणी कोणाला सांगितलें नाहीं. इंग्रजी हीच ज्यांची आतां बोली, त्यांना मी काय म्हणून अडवूं? मंडळी म्हणजे भाषासंवर्धनाची संस्था नव्हे, हें मला कळतें.

पण मला दुसरेंही एक दिसत होतें. आमची उपासना संपल्यावर अकरा वाजतां त्याच सभागृहांत एक मल्याळी मंडळी जमते. तींतलीं मुलेंही त्याच इंग्रजी शाळांत जातात. तरी शनिवारीं दुपारीं त्या सभागृहाच्या ओसरीवर बसून तीं मल्याळम् अक्षरें गिरवितात, आणि रविवारीं आईबापांच्या भाषेंत गातात. हजार मैलांवरून आलेल्यांनीं आपली बोली बरोबर आणली आणि सांभाळली. मराठी मुलुखांत मराठी ख्रिस्ती मंडळी आपली बोली सोडावयास निघाली आहे! आमच्या बाप्तिस्म्याच्या वहींत नांवें पाहतां पाहतां हें कसें झालें तें समजतें. आरंभीं शांतवन, सुवार्ता, विजयानंद, दयाबाई. मग पीटर आणि रूथ. आणि अलीकडच्या पानांवरचीं कांहीं नांवें मला उच्चारतां यावीं म्हणून आई कानांत सांगते. नांवांत देव पाहत नाहीं, हें खरें. पण नारायण वामन टिळकांनीं जें नांव टिकविलें, तें टिकविण्यासाठीं त्यांना कोणाशीं भांडावें लागलें, हें त्या आयांना ठाऊक नाहीं, आणि तें सांगण्याचें काम माझें आहे.

२०२२ च्या जानेवारींत दिल्लीच्या बीटिंग रिट्रीट समारंभांतून 'अबाइड विथ मी' ह्या गीताची धून वगळण्यांत आली. गांधीजींना प्रिय असलेलें, वर्षानुवर्षें त्या संध्याकाळीं वाजणारें गीत तें. आमच्या मंडळींत पुष्कळांना वाईट वाटलें, मलाही वाटलें. एका तरुणानें मला त्रस्त होऊन विचारलें, "आपली खूण पुसली, ह्यावर तुम्ही कांहीं बोलणार नाहीं?" मीं त्याला विचारलें, "टिळकांचें कोणतें गीत तुला पाठ आहे?" त्याला एकही आठवलें नाहीं. एका इंग्रज पाद्र्यानें १८४७ सालीं रचलेलें गीत राजधानींत वाजेनासें झालें ह्याचें दुःख करावें, आणि नगरच्या कवीचीं गीतें आपल्याच सभागृहांत बंद करण्याच्या अर्जावर सही करावी, हा हिशेब मला जुळवितां आला नाहीं. त्याची सही त्या चौदांत होती.

जानेवारी २०२० मध्यें उस्मानाबादेस, म्हणजे आतांच्या धाराशिवास, भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. त्यांची निवड जाहीर होतांच ख्रिस्ती धर्मगुरु अध्यक्ष कसा, असा सूर निघालाच. सबंध बायबल आजच्या मराठींत आणणारा, वसईचीं झाडें आणि पाणी वांचविण्यासाठीं रस्त्यावर उतरलेला हा मनुष्य २०२४ च्या जुलै महिन्यांत गेला. ते कॅथलिक, आम्ही प्रॉटेस्टंट. पण त्या रविवारीं आमच्याकडे त्यांच्यासाठीं प्रार्थना झाली. प्रार्थनेनंतर मीं अर्जवाल्या मुलांना थांबवून घेतलें आणि एवढेंच म्हटलें: ह्या माणसाला तुम्ही परके, असें म्हणणाऱ्यांना त्याच्या मराठीपुढें बोलतां येईना. उद्यां तुम्हांला कोणी तसें म्हटलें, तर तुम्ही कोणत्या भाषेंत उत्तर देणार? एक मुलगी लगेच म्हणाली, "पण साहेब, आम्ही परके नाहीं, हें सारखें सिद्ध कां करायचें?" हा प्रश्न टिळकांच्या पिढीला पडला नव्हता. मुलीचें म्हणणें मला पटलें; आणि तें तिनें मराठींत म्हटलें, हेंही माझ्या लक्षांत आलें. देवाजवळ जातांना सिद्ध कांहींच करावयाचें नसतें. पण आजीची प्रार्थना आजीच्या शब्दांत कळणें, हा वारसा आहे. त्यासाठीं कोणाला दाखला दाखवावयाचा नाहीं, आणि तो गेला तर कोणाकडे तक्रारही करतां यावयाची नाहीं.

पंचांनीं शेवटीं निर्णय मजवर सोंपविला. सकाळची उपासना मराठींतच राहिली. संध्याकाळीं साडेसहाला इंग्रजी उपासना सुरू झाली, ती मीच चालवितों. माझें इंग्रजी तेथें बसणाऱ्यांना सोसावें लागतें, आणि तीं मुलें तें सोसतात. चार कुटुंबें ह्यावरून नाराज होऊन दुसऱ्या उपनगरांतल्या मोठ्या इंग्रजी मंडळींत गेलीं. त्यांतलें एक कुटुंब तर माझ्याच हातून विवाह झालेल्यांचें. त्यांच्या जागा अजून रिकाम्या आहेत, आणि वर्गणींत पडलेली तूट सभागृहाचें भाडें भरतांना दर महिन्यास कळते.

शनिवारीं दुपारीं आतां आमच्याही मुलांचा वर्ग भरतो. ओसरीचा एक कोंपरा मल्याळी मुलांचा, दुसरा आमच्यांचा. गोंगाट फार होतो. तेथें रमाबाईंच्या भाषांतरांतून लूककृत शुभवर्तमानाचा एकेक अध्याय वाचतात. पेटी शिकविणारे आमचे गृहस्थ पंचाहत्तर वर्षांचे आहेत. त्यांच्याजवळ दोन मुलगे येतात. त्यांतल्या धाकट्याचा उजवा हात बरा पडतो, पण बोटांकडे लक्ष गेलें कीं डावा हात भाता हलवावयाचें विसरतो, आणि अभंग कडव्याच्या मध्येंच बंद पडतो. गेल्या शनिवारीं तो तीन वेळां पडला.